मळ्याचा पुकारा

१६ नोव्हेंबर २०२५

मल्लेश,

चिरंजीव वगैरे लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही. तू चिरंजीव राहशीलच, तुझ्यासारख्यांना काही होत नसतं.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटवतोस आणि गप्प बसतोस. मी पोस्टात आहे, तेव्हा हत्यार घरचंच आहे. स्पीड पोस्टनं पाठवते, म्हणजे सही करून घ्यावं लागेल. सही तूच कर, हर्षालीला दारात पुढं करू नकोस. तुझी बायको झाली म्हणून तुझ्या वाटची बोलणी त्या बिचारीनं आजवर बरीच खाल्ली आहेत.

काल सकाळी टपालाची थैली सोडत होते, तर शरणबसप्पा काका दारात उभे. सख्खे चुलते, पण कामाशिवाय आपला उंबरा चढत नाहीत हे तुला ठाऊक आहे.

"इरम्मा, मळा इकायला काढला म्हनं."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? तुझ्या भावानंच जाहीर केलंय की मोबाइलवर. इंग्रजीत बोललाय, खाली मराठी लिवलंय. समद्या गावानं बघितलं. तूच तेवढी ऱ्हायली."

मला वाटलं, म्हाताऱ्याचा सकाळचा चहा चुकला असेल. पण दुपारी झुबेर आला. त्याचं टायरचं दुकान आपल्या बांधाला लागून हायवेवर आहे, मळा गेला तर त्याचीही टपरी उठणार. त्यानं फोनच माझ्यापुढं धरला. "अक्का, तुमीच बघा. माझ्या तर डोक्यात काय शिरंना."

बघितलं. तू टाय लावून उभा. मागं पुस्तकांचं कपाट, तेही चित्रातलं. खाली नाव 'मॅक सर'. पोरगा व्हावा म्हणून अव्वानं श्रीशैलला नवस बोलला, मल्लिकार्जुनाचं म्हणून मल्लेश नाव ठेवलं, आणि पुण्याचं पाणी लागताच त्याचा मॅक झाला. "टुडेज वर्ड इज अनाउन्स," तू म्हणालास, आणि अनाउन्सबरोबर काय काय जातं ते सांगायला लागलास. प्राउडली अनाउन्स, फॉर्मली अनाउन्स, पब्लिकली अनाउन्स. अनाउन्स युअर डिसिजन, अनाउन्स युअर रिटायरमेंट. शब्दांच्या अशा जोड्या पाठ केल्या की इंग्रजी आपोआप येतं म्हणे. तुझा चेहरा असा की जणू अनाउन्स हा शब्द तूच पेरून उगवलायस.

मग उदाहरणं. "माय फादर हॅज फॉर्मली अनाउन्स्ड हिज रिटायरमेंट फ्रॉम फार्मिंग." खाली मराठीत: माझ्या वडिलांनी शेतीतून निवृत्ती रीतसर जाहीर केली आहे. पुढचं वाक्य: "अवर फॅमिली विल सून अनाउन्स द सेल ऑफ अवर लँड बाय द हायवे." त्याचंही मराठी खाली, शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

अरे शहाण्या, जगात वाक्यांचा दुष्काळ पडला होता का? कुठल्या बोर्डानं निकाल जाहीर केला, कुठल्या नटीनं लग्न जाहीर केलं, काहीही चाललं असतं. तुला सापडले ते लकव्यानं बसवलेले अप्पा! गेल्या पावसाळ्यापासून त्यांच्या तोंडून एक अक्षर फुटलेलं नाही. जाहीर करायला माणसाला जीभ लागते. अप्पांची गेली, आणि तुझी मात्र दोघांच्या वाट्याची चालते आहे.

गावाला उदाहरण बिदाहरण कळत नाही. मॅक सरांनी जाहीर केलं म्हणजे केलं. आज जळकोटच्या बाजारातून येताना मला बायकांनी गाठलं. "अक्का, आता पोस्ट कुठं हलिवनार?" एकीनं विचारलं. पोस्ट आपल्या घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि घर मळ्यात आहे, एवढं त्या बाईला कळतं. मॅक सरांना कळत नाही.

तो व्हिडिओ आजच्या आज काढ.

अक्का


२८ नोव्हेंबर २०२५

मल्लेश,

तुझा बोलका निरोप ऐकला. "अक्का, ती फक्त उदाहरणं आहेत गं. तू सगळं किती मनाला लावून घेतेस!" आवाजात इतकी साय की मी चार दिवस खरं धरून चालले. चूक माझीच. लहानपणी दूध सांडलं की मांजराचं नाव सांगायचास, आणि आपल्याकडं मांजर नव्हतं.

मंगळवारी उमरग्याचा एक माणूस गाडी घेऊन आला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायातही पांढरेच बूट, भर चिखलात. त्याला हायवेला हॉटेल टाकायचं आहे. आला तो फीत काढून झुबेरच्या दुकानापासून आपल्या विहिरीपर्यंत मोजायलाच लागला. मी बाहेर येऊन विचारलं, "कोण आपण?"

"सरांशी बोलणं झालंय," म्हणाला. मग मला वरपासून खालपर्यंत बघून, "तुमी मॅडम भाड्यानं हाव का हितं?"

भाड्यानं! ज्या घरात जन्मले, नवऱ्यानं टाकल्यावर ज्या घरात परत आले, अव्वाच्या तोंडात शेवटचं पाणी ज्या घरात घातलं, त्या घराच्या दारात मला भाडेकरू म्हणून विचारलं. मी त्याची फीत विहिरीत टाकली. तुझ्याकडं तक्रार आली असेलच.

म्हणजे ती उदाहरणं नव्हती. बहिणीला तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून इंग्रजीच्या वर्गात उभं राहून सांगितलंस. लेकी बोले सुने लागे ऐकलं होतं, पण त्या सासवासुद्धा घरातल्या घरात बोलायच्या. तू पुण्यातून साऱ्या महाराष्ट्राला बोललास. एक शंका विचारते, सरच आहेस म्हणून. अनाउन्सबरोबर प्राउडली जातं, पब्लिकली जातं, ऑफिशियली जातं. 'घरी विचारून' हे कशाबरोबरच जात नाही का?

अप्पा बरे आहेत. तू विचारलं नव्हतंस, मीच सांगते. तुझे व्हिडिओ झुबेरच्या फोनवर बघतात. संपला की बोट करतात, पुन्हा लाव म्हणून. झुबेर गिऱ्हाईक सोडून लावत बसतो. त्यातलं अप्पांना काय कळणार? रंगीत काहीतरी हलतंय म्हणून बघत असतील. लगेच हरखून जाऊ नकोस.

अक्का


९ डिसेंबर २०२५

मल्लेश,

लांबलचक मेसेज वाचला. चक्क मराठीत लिहिलास, आणि एकदाचा खरा लिहिलास. येळवसेला, मार्गशीर्षातल्या अवसेला, येणार, मळ्यात पुकारा करणार, मग अप्पांना तुळजापूरला रजिस्ट्रीसाठी नेणार आणि तिथून तसंच पुण्याला. पुण्यात मोठे डॉक्टर आहेत, बोलणं गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणारी माणसं आहेत, फ्लॅटमध्ये अप्पांना वेगळी खोली आहे, खिडकीत झाड आहे. झाडसुद्धा लिहिलंस! ज्यानं तीन पिढ्यांची चिंच सांभाळली त्याला तू खिडकीतलं झाड दाखवणार.

आणि शेवटी, "अक्का, तुझं पण बघू काहीतरी." कापडवाला उरलेल्या चिंधीबद्दल बोलतो तसं.

डॉक्टर आणि शिकवणारे तुला आत्ता आठवले. लकवा झाला तेव्हा सोलापूरच्या दवाखान्यात तू एक रात्र राहिलास, आणि सकाळी बॅच आहे म्हणून निघालास. जाताना अप्पांच्या हाताबरोबर स्वतःच्या हाताचा फोटो काढलास, तो मात्र विसरला नाहीस. त्याच्याखाली काय लिहिलं होतंस तेही मी वाचलंय. "डीपली सॅडन्ड टू अनाउन्स." लोकांना वाटलं, म्हातारा गेला. बेंबळीची मावशी रडत फोनवर आली.

आता पुकारा तू करणार म्हणतोस. पुकारा म्हणजे काय हे तरी आठवतं का? मळा हातातून जायचा असेल तर येळवसेच्या दिवशी, त्याच मळ्यात, पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं मालकानं उभं राहून तीनदा सांगायचं. ज्याची हरकत असेल त्यानं तिथंच बोलायचं. मग साऱ्या शेंगाभाज्यांची शिजवलेली भज्जी वाढायची. ज्यानं पुकाऱ्यानंतरची भज्जी खाल्ली त्याची हरकत संपली, त्यानं जन्मात पुन्हा तोंड उघडायचं नाही. कागद, अंगठे, कोर्ट, सगळं त्याच्यानंतर. तो पांढऱ्या बुटांचाही पुकाऱ्याशिवाय पुढं सरकायला तयार नाही. आपली भावकी काय चीज आहे ते त्याला उमरग्यात बसून कळलंय.

ज्यांना चारचौघांत बोलता येत नसे त्यांचा पुकारा अप्पा करायचे. विधवा बायका यायच्या, तो मुका कुंभार आला होता. अप्पा आधी त्यांच्याजवळ बसून खुणेनं, मानेनं, जमेल तसं सगळं विचारून घ्यायचे आणि मग उभे राहायचे. माइक नव्हता, भोंगा नव्हता. त्यांनी "ऐका हो" म्हटलं की हायवेपलीकडच्या रानातली माणसं हातातलं खुरपं खाली ठेवायची. अशा माणसाच्या मळ्याचा पुकारा तू करणार आणि ते बाजूला बसून नुसती मान हलवणार.

हलवतील. त्याची काळजी करू नकोस. लकवा झाल्यापासून ते कशालाही मान हलवतात. चहा हवा? मान. चहा नको ना? तरी मान. परवा मी मुद्दाम विचारलं, "अप्पा, अव्वा बाजाराला गेली का?" मान हलवली. अव्वाच्या समाधीवर मी दर सोमवारी फूल वाहते आणि हे म्हणतात बाजाराला गेली. आत किती समजतं ते सांगता येत नाही असं सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते. मी सांगते, काही समजत नाही.

म्हणूनच मला भीती वाटते, आणि ती तुला सांगायला मला लाज वाटत नाही. रजिस्ट्रीतला साहेब विचारील, आजोबा, राजीखुशीनं देताय ना? मान हलेल, अंगठा उमटेल. मळा गेला, घर गेलं, पोस्ट गेलं. अप्पाही गेले, आणि मी हायवेच्या कडेला थैली घेऊन उभी.

ये तू. भज्जी मीच शिजवणार आहे.

अक्का


१४ डिसेंबर २०२५

मल्लेश,

नवा व्हिडिओ बघितला. शब्द पुन्हा अनाउन्सच. गिरणीत एकच पीठ दळतोयस. "वी आर डिलाइटेड टू अनाउन्स अ फॅमिली लंच ॲट अवर फार्म." आणि खाली मराठीत साऱ्या गावाला येळवसेचं जेवण! आमंत्रण देणारे आपण पुण्यात, डाळी निवडणारी मी इथं. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी असती तर मी काही म्हटलं नसतं. गावाला खरी भज्जी लागते.

वाटाणा, तूर, पावटा आणला आहे. आंबिलीचं मडकं नवं घेतलं. तुझ्यासाठी नाही, कोपीत पुजायच्या लक्ष्मीसाठी.

अक्का


२० डिसेंबर २०२५

मल्लेश,

अनवाणीच गाडीत बसलास, म्हणून या पत्राबरोबर पार्सल आहे. चपला पुण्याच्या आहेत, मळ्यात कुणाच्या पायाला होत नाहीत. डाव्या चपलेला शेण लागलंय, ते पुसलेलं नाही.

काय ते तुझं उभं राहणं! कोपीशेजारी स्पीकर, हातात माइक, कपाळाला विभूती. विभूती लावलीस हे बघून मला क्षणभर बरं वाटलं होतं, खोटं का बोलू. आणि तोंड उघडलं ते, "आय ॲम प्लीज्ड टू अनाउन्स." बायकांनी तोंडाला पदर लावले. मग मराठीवर आलास. तीनदा पुकारलंस, ते रीतीप्रमाणं झालं. आवाज अप्पांचाच आहे तुझा, तेवढं एक मला नाकारता येत नाही. तिसऱ्या वेळी तर माझ्या अंगावर काटा आला आणि त्याचाच मला जास्त राग आला.

प्रत्येक वेळी तू वळून विचारलंस, "अप्पा, बरोबर ना?" प्रत्येक वेळी अप्पांनी मान हलवली. पांढऱ्या बुटांचा खूश. शरणबसप्पा काकांनी उपरणं झटकलं. "मालकानं मान हालिवली. झालं मग, वाढा आता." त्यांना उमरग्याहून काय कबूल झालं होतं ते महादेवाला ठाऊक. माणसं उपाशी होती, पोरं बाजरीच्या उंड्यांच्या टोपलीकडं बघत होती. हरकत कोण घेणार?

पण वाढणारी मी होते आणि पळी माझ्या हातात होती, हे तुम्ही सगळे विसरलात. मी तशीच अप्पांपुढं जाऊन उभी राहिले.

"अप्पा," म्हटलं, "मल्लेश गाढव हाय का?"

मान हलली.

तेवढं ऐकून तू गेलास. बरोबर केलंस, पुढचं तुला झेपलं नसतं. पण तू काय गमावलंस ते सांगते. मी थांबले नाही. "अप्पा, आज शिमगा हाय का?" मान. "शरणबसप्पा काकाला ह्या वयात दुसरी नवरी बघायची का?" मान. लोक पोट धरधरून हसले. काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग लोकांनाही चेव आला. एक जण अप्पांचं नाव घेऊन ओरडला, "माणिकप्पा, मी तुमचा जावई हाय का?" त्यालाही मान. मागून कुणाचं तरी पोरगं किंचाळलं, "अप्पा, तुमी म्हस हाव का?" त्यालासुद्धा मान. त्यावर जो हशा उठला तो तू जळकोटपर्यंत गेला असशील तर तिथंही ऐकू आला असेल.

झुबेर तेवढा हसला नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "अक्का, बस करा आता. चांगलं दिसत न्हाय." त्याची टपरी वाचत होती आणि याला चांगलं दिसत नव्हतं.

पांढऱ्या बुटांचा उठला. "असल्या मानेवर कागद होत न्हाय," म्हणाला. "उद्या कोर्टात उभं केलं तर हे मला बी म्हस म्हनतील." गाडीत बसला आणि गेला. जेवलासुद्धा नाही. पुकारा मोडला. गेल्या कित्येक वर्षांत या शिवारात मोडलेला पहिला पुकारा, आणि तो बाईमाणसानं मोडला, हे गाव अजून दोन येळवसा बोलेल.

नंदीबैलासारखी मान हलवणाऱ्या माणसाच्या जिवावर तू मळा विकायला निघाला होतास. ते मी चारचौघांत दाखवून दिलं. तुझ्याच भाषेत सांगायचं तर पब्लिकली.

शेवटी मीही एक विचारलं होतं. ते जाऊ दे.

भज्जी उत्तम झाली होती.

अक्का


११ जानेवारी २०२६

मल्लेश,

हे साध्या टपालानं पाठवते आहे. सही करून घ्यायचं काही यात नाही.

तुझं काही कळलं नाही. व्हिडिओही बंद केलेस असं झुबेर म्हणाला. तू गप्प बसलास की मला बरं वाटेल असं इतकी वर्षं समजत होते. वाटत नाही.

येळवसेला शेवटी मी काय विचारलं ते लिहिलं नव्हतं. तुझी गाडी गेली होती, त्या माणसाची गेली होती. लोक पंगतीला बसत होते, अजून हसत होते. मी जिंकले होते, मल्लेश. आणि मला सगळ्यांच्या देखत आणखी एक मान हवी होती. अप्पांपुढं वाकून म्हटलं, "अप्पा, हितंच ऱ्हायचं ना मळ्यात? माझ्याजवळ?"

मान हलली नाही.

ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं, मोठ्यानं. त्यांनी मान ताठ धरली. ती तशी धरून ठेवायला त्यांना किती जोर लागत होता ते मी जवळून बघितलं, गळ्याची शीर टरारली होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून कुठंतरी लांब रानात बघत होते. दमले असतील असं मी म्हटलं, स्वतःशीच, आणि वाढायला लागले.

त्या दिवसापासून मान हललेली नाही. चहा विचारला तरी नाही. दुखतंय का विचारलं तरी नाही. पेला हातात दिला की पितात, घास दिला की गिळतात. झुबेर जुने व्हिडिओ लावून फोन समोर धरतो. बघतात. संपला की आता बोट करत नाहीत. झुबेरही मग फोन खिशात घालून जातो. माझ्याशी तो पूर्वीसारखा बोलत नाही.

त्यांना कळत होतं. सगळं कळत होतं. अव्वा बाजाराला गेली का असं मी विचारलं तेव्हाही कळलं असेल, आणि पोरीला खोटं पाडू नये म्हणून हो म्हणाले असतील. गावासमोरही तसंच. मी विचारत गेले आणि ते हो म्हणत गेले, कारण चारचौघांत आपल्या लेकरांना तोंडघशी पाडायची त्यांची रीत नव्हती. तुला पाडलं नाही, मलाही नाही. मी मात्र त्यांना पाडलं. बोलायला त्यांच्याकडं ती मान तेवढी उरली होती आणि मी ती पोराटोरांच्या हातात खेळायला दिली. मला माझीच घृणा येते. तुझी यायची, तिची सवय होती. हिची नाही.

आणि आता एक प्रश्न मला जेवू देत नाही. तुला हलवलेली मान खरी होती का? त्यांना तुझ्याकडं यायचं होतं का? त्या शिकवणाऱ्या माणसांकडं जाऊन पुन्हा बोलायचं होतं का? व्हिडिओ पुन्हा लाव म्हणून बोट करायचे ते तुझ्यासाठीच करत होते का? मी रोज विचारते. त्यांच्याजवळ बसून, हात धरून, जसं ते त्या मुक्या कुंभाराला विचारायचे तसं विचारते. मला ते उत्तर देत नाहीत.

तू गाढव आहेस हे मी मागं घेत नाही. मळा विकू देणार नाही, तेही मागं घेत नाही. पण त्यांना पुण्याला यायचं असेल तर मी गाडीत बसवून देईन, त्यांचं अंथरूण बांधून देईन, आणि तुझ्यापुढं एक शब्द बोलणार नाही.

तेव्हा ये. स्पीकर आणू नकोस, कुणाला कळवू नकोस. त्यांच्याजवळ बस आणि तू विचार. तुला ते मान हलवतील. मला ते बघवणार नाही. तरी ये.

अक्का